कोरे कपाळ

एखाद्याचा चेहरा त्याच्या पश्चात दुसऱ्या कोणाच्या देहावर शिल्लक राहिला, तर त्या दुसऱ्याने तो कोणाला द्यावा आणि कोणाला नाकारावा, याविषयी मी अध्ययन केलेल्या कोणत्याही ग्रंथात विधान नाही. मृताच्या वस्त्रांविषयी आहे, शय्येविषयी आहे, त्याच्या वाट्याच्या अन्नाविषयीही आहे. चेहऱ्याविषयी नाही. तो माणसाबरोबरच जातो, असे पूर्वसूरींनी गृहीत धरले असावे आणि त्यांच्या काळात ते खरेही असेल. आमच्या घरातून तो गेला नाही. तो माझ्याकडे राहिला. त्यावर माझ्या नातीचा अधिकार आहे की नाही, हे एका दिवसात ठरवण्याची वेळ माझ्यावर आली. त्या दिवशी मला दुःख झाले असे म्हणता येत नाही. गुरुशांत गेल्यापासून मला काही होतच नव्हते.

गुरुशांत माझा एकुलता एक मुलगा. कारखान्यात, संगणकापुढे बसल्या बसल्या त्याचे हृदय थांबले. आमच्या लिंगायत परंपरेप्रमाणे त्याला बसवूनच समाधी द्यायची होती. त्याच्या डाव्या तळहातावर त्याचे इष्टलिंग मी ठेवले आणि त्याची बोटे एकेक करून मिटवली. त्याआधी त्याच्या कपाळावर मी भस्माच्या तीन रेषा ओढल्या होत्या. मंद्रूपच्या घरी माझ्या वडिलांनी माझ्या कपाळावर ओढल्या, मी त्याच्या बालपणी त्याच्या कपाळावर ओढल्या, आणि तीच तीन बोटे पुन्हा त्याच कपाळावरून फिरली. भस्म धरेना. कपाळ गार होते, गुळगुळीत होते, काचेसारखे. त्या दिवसापासून माझ्या उजव्या हाताच्या त्या तीन बोटांना स्पर्श नीट कळत नाही. चहाचा पेला गरम आहे हे मला वाफेवरून समजते. वैद्यांनी मानेच्या मणक्याचे कारण सांगितले. मी ते मान्य केले. जे सांगितले जाई ते सर्वच मी त्या दिवसांत मान्य करीत होतो.

दिवाणखान्यात गुरुशांतचे छायाचित्र लावले होते. पूजा आटोपली की मी त्याच्या काचेवर, कपाळाच्या जागी, तीन रेषा ओढत असे आणि दुसऱ्या सकाळी त्या पुसलेल्या असत. सूनबाईने, सिद्धेश्वरीने, एकदा विचारले, "मामा, फोटोवरची विभूती कोण पुसतंय हो? मी तर हातसुद्धा लावत नाही." मी म्हणालो, पंख्याचा वारा असेल. पंख्याचा वारा नेमके कपाळ शोधून पुसत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. परंतु त्या घरात कोणी कोणाचे उत्तर तपासून पाहण्याच्या अवस्थेत नव्हते. मी पुन्हा रेषा ओढत राहिलो. खरे सांगायचे तर त्या पुसल्या जातात याचा मला आधार वाटे. रोजचे एक काम उरत होते.

त्या सकाळी स्नान करून मी आसनावर बसलो होतो. लिंगपूजा होईपर्यंत मी बोलत नाही. चष्माही लावत नाही. कपाळ अजून कोरे, केसांतून पाणी मानेवर उतरत होते. इतक्यात माझी नात काव्या शाळेच्या गणवेशात बाहेर आली. तिने स्टूल ओढले, त्यावर चढली, बाही तळव्यावर ओढून छायाचित्राच्या काचेवरच्या रेषा पुसल्या आणि बापाचा फोन दोन्ही हातांनी छायाचित्रासमोर धरला. पूजेत हात जसे स्थिर असावेत तसे तिचे हात स्थिर होते. किंचित मागे झाली, पुन्हा जवळ आली, फोन थोडा तिरपा केला. काचेत खिडकीचे ऊन पडत होते, ते आपल्या अंगाने अडवून पाहिले. मग हात खाली घेतले. कोणी पाहिले की काय म्हणून ती वळली तेव्हा फोनचे तोंड माझ्याकडे झाले, आणि तिच्या मुठीत तो थरथरला. तिने तो स्वतःकडे वळवला, तेव्हा त्याच्या पडद्यावरून निळा-हिरवा उजेड तिच्या हनुवटीवर पडला. ती पडद्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "अज्जा," ती म्हणाली, "उघडलं." आणि मग, मला उद्देशून नव्हे, अगदी बारीक आवाजात, "बाबा."

मौन असल्यामुळे मला काही बोलावे लागले नाही. चष्म्यावाचून मला दिसले ते एवढेच : चौकोनी निळे पाणी, पाण्यात मध्यभागी एक राखाडी शिखर, आणि काठाला पाठमोरी उभी असलेली एक बुटकी आकृती. स्वयंपाकघरातून सिद्धेश्वरीची हाक आली. काव्या दचकली, तिचे बोट कडेच्या कळीवर पडले आणि पडदा विझला. नंतर तिने फोन पुन्हा माझ्यासमोर धरला असता, पण तिची आई दारात आली होती.

पूजेला बसून मी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतले. दृष्टी तेथे ठेवायची, अन्यत्र जाऊ द्यायची नाही, हा आयुष्यभराचा अभ्यास. गुरुशांतही तसाच डाव्या तळहाताकडे पाहत बसे. त्याच्या तळहातावर फोन असे. मी एकदा त्याला तसे म्हणालो, तेव्हा तो म्हणाला होता, "अप्पा, तुमचं निदान वाजत नाही." मला हसू आले होते. तो चादरीच्या कारखान्यात नक्ष्या काढी. चौकटीच्या कागदासारख्या पडद्यावर एकेक चौकोन भरायचा. एक चौकोन म्हणजे एक धागा वर, एक धागा खाली. दिवसभर मोर, कमळे, वेलबुट्ट्या चौकोनांत बसवून आलेला माणूस संध्याकाळी त्या खेळात शिरे, जेथे मातीही चौकोनी, पाणीही चौकोनी आणि सूर्यही चौकोनी. "हे पण विणणंच आहे की, अप्पा," तो मला समजावून सांगे. "फक्त ह्याच्यात आत जाऊन राहता येतं." काव्या आईच्या फोनवरून त्याच्या जगात जाई, दोघे एकाच पलंगावर बसून, एकमेकांकडे न पाहता, आमच्या सिद्धेश्वराचे तळे खणत, देवळाचे शिखर चढवत. पुढे तिचे गणिताचे गुण घसरले. तेव्हा त्याने त्या खेळाला निराळे कुलूप लावले. फोन उघडण्याचा आकडा घरात सर्वांना ठाऊक होता. खेळाचे कुलूप मात्र त्याच्या चेहऱ्यावाचून उघडत नसे. बाप समोर असेल तेव्हाच खेळ. नियम चांगला होता. नियम करणारा नसताना त्याचे काय व्हावे, एवढेच त्यात सांगितलेले नव्हते.

मी या वस्तूंचा द्वेष्टा नाही. उलट, म्हातारपणी दृष्टी मंद झाल्यावर जुन्या हस्तलिखितांची अक्षरे दोन बोटांनी ताणून मोठी करता येतात, ही सोय मला वरदानासारखी वाटते. मला न आवडणाऱ्या गोष्टी लहान आहेत. फोन आपण होऊन माझे अभिनंदन करतो, ते मला आवडत नाही. जिवंत असलेल्या आणि नसलेल्या माणसांची छायाचित्रे तो एकाच उत्साहाने समोर आणतो, आणि त्यांना संगीत जोडतो. त्या खेळातील जगाविषयीही माझे मत मी गुरुशांतला सांगितले होते. तेथे रात्र फार लवकर येते आणि फार लवकर जाते, त्यामुळे कोणाला कशाची वाट पाहावी लागत नाही. त्याच्या तळ्याला वास नाही. आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्याला उन्हाळ्यात शेवाळाचा, माशांना टाकलेल्या कण्यांचा, ओल्या पायऱ्यांचा जो वास येतो, त्यावाचून ते तळे कसे, असे मी विचारले. तो म्हणाला, "वास तुम्ही इथून न्या की." आमच्या दर्शनात जग मिथ्या नाही, ते शिवाच्या शक्तीचेच रूप आहे, म्हणून खरे आहे. मग माणसाने चौकोन रचून केलेले जग कोणत्या पायरीवर बसवावे, याचा मी तेव्हा विनोदाने विचार करीत असे. आता पूजेत तोच विचार विनोदावाचून आला. तळहातावर लिंग होते आणि दृष्टी काठावरच्या पाठमोऱ्या आकृतीकडे जात होती. मी कपाळावर भस्म लावले. तीन बोटांना ते कळले नाही.

काव्या शाळेत जाण्याआधी दाराआड उभी राहिली. "अज्जा, परत एकदा बघा की." मी तिच्या समोर बसलो, चष्मा काढला. फोन काही वेळ माझ्याकडे पाहत राहिला, असे म्हटले पाहिजे. उघडला नाही. तिने माझ्या कपाळाकडे पाहिले. "त्याच्यामुळं," ती म्हणाली. "फोटोवर पण त्याच्यामुळंच होत नसेल म्हणून मी पुसत होते. जरा पुसा की अज्जा. एवढंसं." आणि तिने स्वतःच्या कपाळावर बोट ओढून किती ते दाखवले. मी मान हलवली. माझ्यासारख्या जंगमाने, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहिताने, लावलेले भस्म स्नानावाचून उतरत नाही. कोणाच्या सांगण्यावरून तर नाहीच. माझ्या पत्नीच्या शेवटच्या आजारात रुग्णालयातील परिचारिका ओल्या कापसाने तिच्या कपाळावरचे भस्म पुसायला आली असता मी त्या परिचारिकेचा हात धरला होता. हे मी काव्याला सांगितले नाही. मी फक्त विचारले, "तुला तिथं काय हवं आहे?" ती म्हणाली, "बाबा त्या दिवशी ऑफिसला जाताना म्हणाले होते, मी एक नवीन बांधलंय, संध्याकाळी दाखवतो. काय बांधलं ते सांगितलं नाही. मला फक्त तेवढं बघायचंय." बाहेर रिक्षा वाजली आणि ती गेली.

संध्याकाळी सिद्धेश्वरीचा भाऊ शिवानंद येणार होता, हे मला दुपारी कळले. त्याचे नवी पेठेत मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. फोन नेऊन तो आतले सर्व पुसणार होता. मी सिद्धेश्वरीला विचारले, फोनची कोणाला गरज आहे काय? ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "गरज कुणालाच नाही, मामा. पण ती पोरगी रोज त्याला चार्ज करते. उशाला घेऊन झोपते. परवा बाईंनी शाळेत बोलावलं होतं. म्हणाल्या, वर्गात हाताकडं बघत बसते, हातात काही नसतं तरी." तव्यावरची भाकरी तिने उलटली. "तो खेळ उघडला तर ती तिथं जाऊन बसेल. ते तिथं उभेच असतील ना? जसे सोडून गेले तसे. मग ती कशाला येईल परत? मला एक माणूस गेलं तेवढं बास झालं." तिचे कपाळही कोरे होते. आमच्याकडे पती गेल्यावर स्त्रीने भस्म लावणे थांबवावे असा नियम नाही, आणि मी तिला तसे सांगितलेही होते. तिने आपण होऊनच थांबवले होते. तिचे म्हणणे मला पटले. सकाळी काव्याचेही पटले होते. दोन परस्परविरुद्ध गोष्टी पटून मनात शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि त्यांपैकी कोणालाही उठवण्याइतकी शक्ती माझ्यात नव्हती. पाठशाळेत शिकवत असताना अशा वेळी मी विद्यार्थ्यांना म्हणत असे, पूर्वपक्ष पुन्हा मांडा. त्या दुपारी मी तो स्वतःसाठी मांडत बसलो. तो चेहरा गुरुशांतचा. पण तो त्याला माझ्याकडून मिळाला होता. म्हणजे मुळात माझा. माझा माझ्या वडिलांचा. आम्ही कोणी त्याचे मालक नसून त्याच्यातून जाणारे होतो. यंत्राने मला गुरुशांत समजणे ही यंत्राची चूक. लहानपणी तो माझ्यासारखा दिसतो असे शेजारीपाजारी म्हणत. आता मी त्याच्यासारखा दिसतो असे म्हणणारे हे एवढे एकच उरले होते, आणि संध्याकाळी ते पुसले जाणार होते.

शिवानंद आला तो दारातूनच बोलत. "काय बे काव्या, मामाला पाणी-बिणी द्यायचं का नाही?" मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस, आमच्या घरात आला की आवाज आवरायचा प्रयत्न करी आणि तो त्याला जमत नसे. काव्या आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती, फोन मांडीवर. ती उठली नाही. त्याने तिच्यापुढे उकिडवे बसून फोनकडे हात केला. "दे की. लई सोपं काम आहे. आतलं सगळं उडवायचं, की चकाचक कोरा. मग त्यात अभ्यासाचं टाकू." ती म्हणाली, "उघडून त्यातला खेळ दुसऱ्या फोनमध्ये टाकता येतो ना, मामा?" शिवानंदने बहिणीकडे पाहिले. खोटे बोलणे त्याच्या स्वभावात नव्हते. "येतंय की. पण उघडायचं कसं? तुझ्या बाबानं पण काय डोकं चालवलंय! तोंडाचं कुलूप. माझं तोंड तर माझाच फोन ओळखत नाही बे, जरा दाढी वाढली की कोण तू म्हणून विचारतंय." तो एकटाच हसला. सिद्धेश्वरी म्हणाली, "शिवा, गप घे आणि जा." काव्याने फोन त्याच्या हातात दिला. तिने हट्ट केला नाही. हट्ट केला असता तर कदाचित मी बसून राहिलो असतो. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिने छायाचित्राकडे पाहिले, जेथे मी सकाळी पुन्हा तीन रेषा ओढल्या होत्या.

मी उठलो आणि पाण्याच्या पिंपापाशी गेलो. उपरण्याचे टोक भिजवले आणि कपाळ पुसले. एकदा, मग पुन्हा. पांढरे पाणी भुवईवरून डोळ्यांत उतरले. मागे कोणीतरी श्वास आत ओढला, सिद्धेश्वरी असावी. "मामा, अहो, हे काय..." मी चष्मा काढून कोनाड्यात ठेवला आणि शिवानंदपुढे हात केला. त्याने दोन्ही हातांनी फोन दिला, प्रसाद देतात तसा. मी तो डाव्या तळहातावर घेऊन त्याकडे पाहिले.

उघडला नाही. पुन्हा प्रयत्न करावा, असे तेथे लिहिले असल्याचे शिवानंदने वाचून सांगितले. "उजेडाकडं या जरा, मामा." बहिणीप्रमाणे तोही मला मामाच म्हणे. मी दिव्याखाली गेलो. तरी नाही. यंत्राला सकाळी जे सापडले होते ते आता सापडत नव्हते. तेव्हा काव्या उठून माझ्याजवळ आली आणि खालून माझ्याकडे पाहत म्हणाली, "तुम्ही लई सरळ बघताय अज्जा. बाबा असं बघायचे." तिने हनुवटी थोडी आत घेतली आणि एक भुवई उचलली. मुलगा उशिरा घरी आला आणि मी काही विचारले की नेमका तसाच तो माझ्याकडे पाही. मला ती दृष्टी कधी आवडली नव्हती. मी हनुवटी आत घेतली, भुवई उचलली आणि माझ्या मुलाने माझ्याकडे पाहावे तसे त्या काळ्या काचेकडे पाहिले. काचेत क्षणभर तो होता. मग उजेड आला.

"अगागागा," शिवानंद म्हणाला आणि खाली बसला.

काव्याने माझ्या हातातून फोन घेतला नाही. माझ्या तळहातावर तो तसाच ठेवून तिने एका बोटाने चालवायला सुरुवात केली. पाठमोरी आकृती हलली. तळ्याच्या काठाने, दीपमाळेवरून, त्या दोघांनी मिळून बांधलेल्या घाटावरून ती चालत गेली. काव्या पुटपुटत होती, "हे माझं... हे बाबांचं... हे आधीचं." मग एका टेकडीवर आकृती थांबली. तेथे टेकडी कापून जमीन सपाट केली होती, मोठी, चौरस. तिच्या कडेने लाल आणि पिवळे चौकोन एकाआड एक बसवून काठ विणला होता, जसा चादरीला असतो. आत काही नव्हते. भिंत नाही, छप्पर नाही. मोकळ्या जागेत फक्त एक दार उभे होते. "हे काय?" काव्या म्हणाली. "अर्धंच आहे. बाबांनी इथं काय बांधायचं ठरवलं होतं?" मला ठाऊक नव्हते. शिवानंदने मान वाकडी करून पाहिले.

सिद्धेश्वरी दूरच उभी होती. ती जवळ आली ते मला तिच्या हातांना येणाऱ्या ज्वारीच्या पिठाच्या वासावरून कळले. बराच वेळ ती पाहत राहिली. मग म्हणाली, "वळव जरा. दारातून काय दिसतं?" काव्याने आकृती दारात नेऊन वळवली. समोर, चौकोनी उन्हात, संपूर्ण तळे होते. "तळ्याकडं ठेवलंय," सिद्धेश्वरी म्हणाली. "मी म्हटलं होतं त्यांना. घर बांधायला वळसंगची जागा घ्यायचं चाललं होतं तेव्हा. तिथं कुठलं तळं, उसाचं पाणी पण नाही. मी आपलं चेष्टेत म्हटलं, बांधायचंच असेल तर दार तळ्याकडं पाहिजे, नाहीतर मी काही येत नाही. ते म्हणाले, बघू." तिने पिठाचे बोट पदराला पुसले आणि पडद्यावर, त्या दारावर ठेवले. दार उघडले. ती दचकली. पुन्हा बोट ठेवले, दार मिटले. "उघडतंय की गं," ती मुलीला म्हणाली.

तेवढ्यात पडदा विझला. मी हनुवटी आत घेतली, भुवई उचलली; तो उघडला. त्यानंतर तो जितक्या वेळा विझला तितक्या वेळा मी त्याच्याकडे पाहिले. माय-लेकी माझ्या दोन बाजूंना बसल्या होत्या. भिंत कोणत्या रंगाची घ्यावी यावर त्यांचे हळू आवाजात भांडण चालले होते. काव्याला लाल हवी होती, सिद्धेश्वरी म्हणत होती, मळते लवकर. शिवानंदने विचारले, "मग ताई, दुसऱ्या फोनमध्ये टाकून देऊ का?" ती वर न पाहता म्हणाली, "टाक. पण आधी जेव." मग तिने मुलीला सांगितले, "रोज संध्याकाळी. मी असेन तेव्हाच. एकटीनं नाही." काव्या म्हणाली, "बाबांचाच नियम झाला की." "हो," सिद्धेश्वरी म्हणाली. "तोच."

मला काही झाले का, असे कोणी विचारले तर मी काय सांगावे? माझे कपाळ ओले होते आणि पंख्याखाली गार पडत होते. छायाचित्रावरच्या रेषा तशाच होत्या. त्या घरात त्या वेळी एकट्या त्याच्याच कपाळावर भस्म होते. फोन तापला होता. माझ्या डाव्या तळहाताला त्याची ऊब लागत होती आणि ती मला वाफ न पाहता कळत होती. उजव्या हाताची तीन बोटे मी त्याखाली नेऊन ठेवली. त्यांना अजून काही कळले नाही. मी ती तेथेच राहू दिली.

उद्या स्नानानंतर मी भस्म लावीन. जे आज पुसले त्याचे प्रायश्चित्त शास्त्रात असेल तर घेईन, नसेल तर नसो. काव्या, तू जेथे जाशील तेथून परतण्याची वाट तुझ्या पायांना ठाऊक असो. सिद्धेश्वरी, तुझे दार तळ्याकडे असो आणि ते तुझ्या हाताने उघडो, तुझ्याच हाताने मिटो. शिवानंद, तुझ्या घरात तुझा मोठा आवाज सदैव ऐकू येवो. आणि ज्या काचेने एका म्हाताऱ्याला त्याचा मुलगा समजून आत घेतले, तिचेही कल्याण असो. गुरुशांता, तू जेथे बसला आहेस तेथे तुझी मूठ मिटलेली असो, बाळा. इकडचे आम्ही पाहू.